स्नायू म्हणजे नस की मांस?

रामबागकर: आईला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे, म्हणजे स्नायू लवकर दमण्याचा आजार. सकाळी ठणठणीत, दिवेलागणीला डावी पापणी निम्मी उतरते, पोळी चावता चावता जबडा दमतो. आजाराचं इंग्रजी पत्रक तिच्यासाठी मराठीत उतरवतोय. ‘चेता-स्नायू संधी’ (मज्जातंतू आणि मसल जिथे भेटतात ती जागा) लिहिलं, तर म्हणाली, “नसेला नस जोडलीय का?” तिची शाळा इंदुरातली, हिंदी. तिच्या लेखी स्नायुतंत्र म्हणजे नर्व्हस सिस्टीम. काय लिहू?

पोहे-जिलेबी: मांसपेशी लिहा. सराफ्यातल्या कोणालाही कळेल.

शुद्धमती: मराठीत पेशी म्हणजे सेल. मांसाचा सेल?

पोहे-जिलेबी: इंदुरात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. काकांची अजून चालूच आहे.

वैद्यबुवा: सुश्रुतात स्नायू ९००, सिरा ७००, पेशी ५००. तिथे पेशी म्हणजे मांसाचे पिंड, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. मराठीने दोरीचं मांस केलं, हिंदीने नस. कोणी कोणाला हसू नये.

बडोदेकरीण: आमच्या गुजरातीत स्नायू म्हणजे मसलच. दोनास एक, हिंदी हरली!

रामबागकर: बरं, ‘सिग्नलिंग’ला काय? मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅग्रिन नावाचं प्रथिन सुटतं, स्नायूवरच्या एलआरपी-४ या प्रथिनाला चिकटतं. त्याने स्नायूवरचंच मस्क नावाचं प्रथिन जागं होतं, आणि मग रॅप्सिन हे आणखी एक प्रथिन अ‍ॅसिटिलकोलीनच्या ग्राहींना (मज्जातंतूने धाडलेलं हे रसायन झेलणाऱ्या प्रथिनांना) तंतू-स्नायूमधल्या ऐन फटीसमोर दाटीवाटीने बसवतं. आईच्या शरीरातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) या ग्राहींवरच उठलीत. काही रुग्णांत ती मस्कवर उठतात, हे २००१ साली कळलं. ‘प्रथिन संकेतन’ वाचून आई झोपेल.

बडोदेकरीण: ‘निरोप’ लिहा की. प्रथिनांचा निरोप.

रामबागकर: लिहून दाखवलं. म्हणाली, “निरोप घेतात तो? एवढ्यात?” खोडलं.

बडोदेकरीण: अगंबाई! मग ‘सांगावा’.

शुद्धमती: अ‍ॅग्रिन हे ‘अग्र’पासून आलेलं उघड दिसतंय. तंतूच्या अग्रातून सुटतं ते.

वैद्यबुवा: ताई, ग्रीक आहे. ‘अगेइरेइन’, म्हणजे गोळा करणं; चौकाला अगोरा म्हणतात तो त्यातलाच. झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या विद्युत-अवयवातून हे प्रथिन काढलं. ग्राही गोळा करतं म्हणून ते नाव.

शुद्धमती: ग्रीकांनी कुठून घेतलं तेही सांगा.

पोहे-जिलेबी: झालं सुरू. त्यापेक्षा हे सांगा, ‘शिरेवर शीर चढली’ म्हणतो तेव्हा चढतं काय? आजी पोटरी धरून ओरडायची आणि आम्ही अंगठा ओढत बसायचो.

वैद्यबुवा: शीर नव्हे, स्नायू आखडतो.

पोहे-जिलेबी: कुठला स्नायू? तुमचा, सुश्रुताचा की आमच्या इंदूरचा?

शुद्धमती: ‘पेटका’ असा चांगला शब्द असताना शीर कशाला चढवता?

बडोदेकरीण: आमच्याकडे ‘गोळा आला’ म्हणतात. पेटका कोण म्हणतं हो?

शुद्धमती: माझी आई म्हणते. आणि ती ग्वाल्हेरची आहे.

रामबागकर: संधीचं राहूनच गेलं. ते उद्या विचारतो, आईच्या गोळीची वेळ झाली.