ठेकेदाराकडचे डिलिव्हरी ड्रायव्हर: युनियन कुणाशी भांडणार?

कोनगाववाला: भिवंडीच्या गोदामातून निघणाऱ्या ड्रायव्हरच्या अंगात टी-शर्ट कंपनीचा, मोबाइलमध्ये ॲप कंपनीचं. रूट कंपनी ठरवते, पार्सल हरवलं की डेबिट कंपनी टाकते. पगार मात्र ठेकेदाराकडून. वाढ मागितली की ठेकेदार म्हणतो, "वरून रेट वाढला की देतो." कंपनी म्हणते, "हा आमचा माणूसच नाही." म्हणून एकेका ठेकेदाराच्या पोरांनी वेगळी युनियन काढू नये. सगळ्या ठेकेदारांच्या ड्रायव्हरांची मिळून एकच हवी.

कॅलिफोर्नियातल्या पामडेलला काय झालं बघा. एप्रिल २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या एका ठेकेदाराकडचे ८४ कामगार टीमस्टर्स या अमेरिकेतल्या ड्रायव्हरांच्या मोठ्या युनियनमध्ये गेले. ठेकेदाराने युनियन मान्य केली. ॲमेझॉनने त्या ठेकेदाराचंच कंत्राट संपवलं.

व्हॅनमालक_कल्याण: अर्धीच गोष्ट सांगितलीत. काम खराब होतं म्हणून कंत्राट आधीच मोडलं होतं, असं ॲमेझॉनचं म्हणणं आहे. आणि आमचं काय? माझ्या अकरा गाड्या, सगळ्या कर्जावर. रेट कंपनीचा, डिझेल, टायर, इन्शुरन्स माझ्या डोक्यावर. ड्रायव्हरांनी चार दिवस गाड्या उभ्या केल्या की रूट दुसऱ्याला जातो, बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

कोनगाववाला: पुढचंही ऐका. अमेरिकेच्या कामगार मंडळाच्या लॉस एंजेलिस कार्यालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये प्राथमिक निष्कर्षात ॲमेझॉनला त्या ड्रायव्हरांची सह-मालक धरलं, म्हणजे ठेकेदारासोबत कंपनीही त्यांची मालक. पण तोवर काम गेलेलं होतं! सगळ्यांचे ड्रायव्हर एकत्र असतील तर रूट द्यायला दुसरा उरतोच कुठे? यात तुमचाही रेट वाढेल.

रूट_सात: मी स्वतः गाडी चालवतो. मला युनियन नको, पीएफ भरल्याचा पुरावा हवा. सहा महिन्यांत अर्धी पोरं गाडी सोडतात, वर्गणी कोणाकडून गोळा करणार? आणि पुढे झाला त्याचा आयडी आधी बंद होणार.

वकील_ठाणे: ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यावा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे, नव्या कामगार संहितेतही आहे. अडचण अशी, की ठेकेदाराकडे किमान ५० माणसं असतील तरच ते लागू होतं. दहा-पंधरा ड्रायव्हरांचा ठेकेदार असला की कंपनी पहिला वाद तिथेच घालणार.

हमालाची_लेक: @रूट_सात, पोरं टिकत नाहीत म्हणूनच नोंद ठेकेदाराकडे नको, माथाडीसारख्या मंडळाकडे हवी. माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम, माथाडी मंडळात भरतो; पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी मंडळातून मिळते. टोळीने मालक बदलला तरी खातं तेच. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं नसतं तर हे कोणी ताटात वाढून दिलं नसतं. तेव्हाही व्यापारी म्हणायचे, ही आमची माणसं नाहीत.

व्हॅनमालक_कल्याण: त्याच माथाडीच्या नावाने गेटवर खंडणी मागणारेही आहेत, ते सोयीने विसरू नका. माल उतरवायला हात न लावता पैसे मागतात. आणि लेव्ही भरणार कोण? मी की कंपनी? आधी ते सांगा.

कोनगाववाला: कंपनी. रूट, रेट आणि डेबिट जो ठरवतो त्याने. खंडणीखोरांना आमचाही विरोध आहे. हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर मांडायचा, हा पहिला नियम ठेवू. रविवारी नाक्यावर बसतोय. लेव्हीच्या मागणीवर गाडीमालकांच्या सह्या हव्यात, तुम्हीही या.

व्हॅनमालक_कल्याण: सही आत्ता देत नाही. गाड्या उभ्या करणार नाही असं आधी लिहून द्या, मग बोलू.