पैसे दिले की दारूतच जातात?

वर कुणीतरी लिहिलंय की गरिबाला रोख दिली की ती सरळ दारूच्या दुकानात जाते, द्यायचंच तर धान्य द्या. इंदूरकर असल्यामुळे राहवत नाही. हा प्रयोग आमच्याच जिल्ह्यात होऊन गेलाय! २०११ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले, वर्षाने ३०० आणि १५०. अट काही नाही. दारू वाढल्याचं आढळलं नाही. बियाणं आलं, जनावरं आली, कर्जं थोडी फिटली, पोरांची शाळेतली हजेरी वाढली.

दोनशेने काय होतं, असं विचाराल. आमच्या रामबागेतल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी मुलाच्या टायफॉइडपायी पायातले चांदीचे तोडे चार हजारांत गिरवी ठेवले (गहाण हो, इथलं मराठी असंच). व्याज शेकडा पाच, दरमहा. म्हणजे नेमके दोनशे! आठ महिने त्या नुसतं व्याज भरत होत्या, मुद्दल जागच्या जागी. शेवटी आम्ही दोन घरांनी मिळून रक्कम भरली. तोडे फडक्यातून सोडून दाखवले, पार काळे पडले होते.

जगभरच्या गरिबीचं म्हणाल तर जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा २०२५ पासून दिवसाला ३ डॉलर आहे. पण ती क्रयशक्तीवर, म्हणजे त्या-त्या देशात तेवढ्या पैशात काय विकत मिळतं त्यावर काढलेली, बाजारातल्या डॉलरच्या भावाने रुपये करू नका. केनियात ‘गिव्हडायरेक्टली’ ही संस्था अशीच विनाअट रोख थेट मोबाइलवर पाठवते.

धान्य जरूर द्या. सावकार मात्र व्याजात गहू घेत नाही.