गोत, गोत्र की कूळ? सिनसिनवारांना मराठीत कसं आणायचं

ओसरी
राजस्थानातल्या भरतपूरवरच्या एका हिंदी लेखाचा दिवाळी अंकासाठी अनुवाद करतेय. पहिल्याच परिच्छेदात पाय अडकला. मूळ वाक्य साधं आहे: सिनसिनी गावच्या जाटांचा 'गोत' सिनसिनवार. भरतपूरचे राजे त्यातलेच. मी 'गोत्र' लिहिलं. संपादकांनी समासात लिहून पाठवलं, "गोत्र ऋषीचं असतं. सिनसिनवार नावाचा ऋषी कोण? कूळ करा." कूळ केलं. मग मुद्रितशोधकांनी विचारलं, भरतपूरचे राजे कुणाच्या जमिनीत कूळ होते?

मला यातली गंमत जुनीच माहीत आहे. लहानपणी आम्ही मथुरेजवळ रिफायनरीच्या कॉलनीत राहायचो. पहिल्या दिवशी दूधवाल्याने माप ओतता ओतता बाबांना विचारलं, "बाबूजी, गोत?" बाबा म्हणाले, "काश्यप." माप हवेतच थांबलं. "वो तो जिसका कोई नहीं उसका होता है. गोत बताओ." बाबांनी शेवटी आडनाव सांगितलं, त्यामागचं कोकणातलं गाव सांगितलं. तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं आणि उरलेलं अर्धं माप पातेल्यात पडलं.

तर, शब्द सुचवा. रविवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

बोरूबहाद्दर
सुचवायचं काय त्यात? 'गोत' हा अस्सल मराठी शब्द आहे. नातंगोतं, गोतावळा, 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ'. आपलाच शब्द हिंदीतून परत आला की आपण त्याला पाहुण्यासारखं का वागवतो? गोत ठेवा आणि संपादकांना मोल्सवर्थ उघडायला सांगा.

दप्तरखाना
बोरूबहाद्दर, इतकं सोपं नाही ते. मराठेशाहीच्या कागदांत 'गोत' म्हणजे एका रक्ताची माणसं नव्हेत. वतनाचा तंटा उभा राहिला की गोत बसायचं. त्यात पाटील, चौगुला, कुलकर्णी, शेटे-महाजन, सुतार, लोहार, महार, सगळे. गोतसभेचा निवाडा महजरावर, म्हणजे निवाडपत्रावर, उतरायचा आणि खाली प्रत्येकाची निशाणी: सुताराचा वाकस, कुणब्याचा नांगर. म्हणजे गोत ही बैठक झाली, वंश नव्हे. जुने कागद वाचलेल्या माणसाला 'सिनसिनवार गोत' वाचून भलतंच चित्र दिसेल. तिकडच्या खापेला, म्हणजे जाटांच्या पंचायतीला, हा शब्द दिला तर एक वेळ चालेल.

बोरूबहाद्दर
जुने कागद वाचलेली माणसं महाराष्ट्रात किती? चारशे? बाकीच्यांना म्हण माहीत आहे. शब्द म्हणीत जगतात, दप्तरात नाही.

चांदा_ते_बांदा
माझं लक्ष 'वार'वर गेलं! आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे, यवतमाळात, नांदेडात निम्मी आडनावं 'वार'वाली. माझंही आहे. सिनसिनवार आमचेच कुणी निघाले तर? तेलंगणातून वर सरकलेले वगैरे?

दप्तरखाना
नाही निघत. तुमचा 'वार' तेलुगूतला आदरार्थी अनेकवचनी 'वारु', म्हणजे अमक्या घरचे मंडळी. सिनसिनवारमधला 'वार' गावाला चिकटलाय. सिनसिनी हे कुम्हेर-डीग पट्ट्यातलं गाव. शेजारच्या सोगरचे ते सोगरवार किंवा सोगरिया. आग्र्याजवळच्या बमरौलीवरून आलेले ते बमरौलिया. गोहदचे राणे म्हणजे पुढचे धौलपूरवाले त्यातले. त्या मुलखात 'वाल'चा 'वार' सहज होतो. थोडक्यात आपला 'कर'. 'सिनसिनकर' म्हटलं की विषय संपला.

चांदा_ते_बांदा
सिनसिनकर! राजाराम सिनसिनकरांनी १६८८ साली सिकंदऱ्याला जाऊन अकबराची कबर फोडली. वाचायला कसं वाटतं बघा. पर्वतीच्या पायथ्याशी राहत असतील असं वाटतं.

सोनपतची सून
इतका वेळ नुसतं वाचत होते, आता राहवत नाही. मी मूळची साताऱ्याची, गेली एकोणीस वर्षं गोहान्याजवळ नांदतेय. सासरचं गोत गठवाला, दारावरच्या पाटीवर मलिक. लग्न ठरलं तेव्हा आमच्या मावशीचा पहिला प्रश्न होता, "मलिक म्हणजे मुसलमान का गं?" मलिक ही पदवी आहे, गोत गठवाला. पण यमुनेपलीकडे मुझफ्फरनगरच्या बाजूला मुसलमान जाटही आहेत. त्यांना मूले जाट म्हणतात आणि गोतं त्यांनीही टाकलेली नाहीत. तेव्हा मावशी अगदीच चूक नव्हती.

गोत्र आणि गोत यातला फरक मला बोलणीच्या दिवशी कळला. सासऱ्यांनी बाबांना तीन गोतं विचारली: स्वतःचं, मुलीच्या आईचं, आजीचं. ती टाळायची असतात. बाबांनी 'कौशिक' सांगितलं. सासरे गप्प. मग एका वहीच्या कागदावर बाबांनी आमचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव आणि आजीचं माहेरचं आडनाव लिहून दिलं. सासऱ्यांनी चष्मा लावून तिन्ही मोठ्याने वाचली, "शिंदे, घोरपडे, मोहिते", आणि म्हणाले, "टकराता नहीं." झालं लग्न. तो कागद अजून घरातल्या ट्रंकेत आहे.

तेव्हा गोत्र मुळीच नको. तिथे ऋषी कुणाला ठाऊकच नसतो. तो पुरोहिताने विधीपुरता आणलेला.

दप्तरखाना
वा, हा खरा पुरावा. पण ताई, तुमच्याच माहेरी लग्न जुळवताना आडनाव बघतात की देवक?

सोनपतची सून
देवक. आमचं कळंब. पण सासऱ्यांना कळंबाची फांदी समजावत बसले असते तर मी आजही साताऱ्यातच असते.

माळावरचा_गडी
ह्यातच उत्तर आलं की. आमच्यात शहाण्णव कुळी म्हणतात, त्यातलं कूळ आणि जाटांचं गोत एकाच मापाचं. कूळकायद्याची भीती कशाला? १९४८ चा कायदा झाल्यावर शब्दाचा दुसरा अर्थ मेला का? ओसरी, बिनधास्त 'कूळ' लिहा.

बोरूबहाद्दर
शहाण्णवाची यादी पक्की असल्याचा दावा तरी असतो (याद्या दहा आणि प्रत्येकीत नावं वेगळी, ही गोष्ट निराळी). जाट गोतांची गणती कोण करणार? ती गावोगाव फुटत जातात.

सोनपतची सून
फुटतात, पण वाटेल तिथे सापडत नाहीत. प्रत्येकाचा मुलूख असतो. सिनसिनवार भरतपूर-डीग आणि लगतच्या मथुरेत. आमच्या सोनपतात एखादं घर निघालं तर लोक विचारतात इकडे कसे. गठवाले गोहाना, पानिपतकडे आणि यमुना ओलांडून शामली-मुझफ्फरनगरात. बालियान सिसौलीच्या आसपास, शेतकरी नेते टिकैत त्यांच्यातले. गोदारा, पुनिया, सहारण, बेनिवाल हे बिकानेरच्या वाळूतले. पंजाबात गेलात की उच्चारच 'जट्ट' होतो. तिथले सिद्धू-बराड, पतियाळा, नाभा, जिंदचे राजे त्याच वंशातले. नुसतं गोत सांगितलं तरी म्हातारी माणसं तालुका ओळखतात.

आणि गोदारांची गोष्ट मला फार आवडते. राठोड बिकाजीने तो मुलूख घेताना गोदारा आपणहून त्याच्या बाजूला गेले. त्याबद्दल बिकानेरच्या राजाला गादीवर बसताना टिळा लावायचा मान त्यांचा.

अटकेपार
एक मूलभूत मुद्दा सगळ्यांकडून सुटला. भरतपूरचे राजे स्वतःला यदुवंशी म्हणवत. देवगिरीचे यादव यदुवंशी. सिंदखेडचे जाधव त्यांचे वंशज. करौलीचे जादौन राजपूतही यदुवंशी. जादौन, जाधव, जाट... 'जा' बघा. भरतपूरच्या सूरजमल जाटाने पानिपतानंतर आपल्या माणसांना अन्न, वस्त्र, आसरा दिला तो उगीच नाही. रक्त बोललं!

दप्तरखाना
अटकेपार, 'जा'वरून नातं लावायचं तर जायफळही यदुवंशी. राजघराणं गादीवर स्थिरावलं की वंशावळ कृष्णापर्यंत नेतंच, भोसल्यांनी ती सिसोदियांपर्यंत नेली तशी. गोताचं नाव मात्र गावावरून, ते कुणाला लपवता आलं नाही. आणि रक्त बोललं म्हणता, तर १७५४ साली कुंभेरीच्या, म्हणजे त्याच कुम्हेरच्या, वेढ्यात याच सूरजमलाच्या किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाईंचे यजमान. तेव्हा रक्त काय बोलत होतं?

अटकेपार
तेव्हा भाऊबंदकी होती. म्हणजे भाऊबंद होतेच!

माळावरचा_गडी
हाण! =))

सोनपतची सून
यावरून आठवलं. हा 'भाऊबंदकी' शब्द मी एकदा सासरी कौतुकाने वापरला होता, 'भाईचारा' अशा अर्थाने समजतील म्हणून. समजले तसेच. मग दिराने तो भाषणात ठोकून दिला. मराठीत त्याचा अर्थ काय होतो हे मी अजून सांगितलेलं नाही.

अटकेपार
आणि बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर? पानिपतावरून जखमी होऊन डीगला पोचला, तिथेच गेला. त्याची शुश्रूषा करणारे कोण? सिनसिनवारच ना? यावर कुणी बोलणार नाही.

दप्तरखाना
उपकार कुणी नाकारलाय? प्रश्न व्युत्पत्तीचा आहे. पानिपतचा धागा वेगळा काढा, तिथे येतो मी.

चांदा_ते_बांदा
पण 'वार'चं पटलं नाही अजून. तेलुगू 'वारु' आणि तुमचा 'वाल' मुळात एकच नाहीत कशावरून?

ओसरी
मंडळी, अंक छापायला गेला. संपादकांनी शेवटी ना गोत ठेवलं ना कूळ. छापून आलंय, "सिनसिनवार घराण्यातील जाट".

बोरूबहाद्दर
घराणं? घराणं गाण्याचं असतं. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा. आता लोक विचारतील सिनसिनवार घराण्याची तान कशी असते.

सोनपतची सून
बोरूबहाद्दर, तुमचं ते किराणा घराणं आमच्याच टापूतलं बरं का. शामलीजवळचं कैराना. अब्दुल करीम खाँसाहेब तिथले, पुढे मिरजेला आले.

माळावरचा_गडी
थांबा थांबा. म्हणजे किराणा घराण्याचा आणि किराणा दुकानाचा काही संबंध नाही? मी इतकी वर्षं समजत होतो की पूर्वज वाणी असतील.