डायबिटीस असताना ऑलिंपिक गोल्ड कसं मारलं?

प्रश्न: ब्रिटनच्या स्टीव्ह रेडग्रेव्हने १९८४ ते २००० सलग पाच ऑलिंपिकमध्ये रोइंगचं (वल्ही मारत बोटींची शर्यत) गोल्ड मारलं, पण शेवटच्या वेळी त्याला डायबिटीस होता म्हणे, मग एवढं ट्रेनिंग झेपलं कसं?

उत्तर: हो, १९९७ ला निदान झालं, वय ३५. रोइंगवाल्यांना ढिगाने खावं लागतं, त्यामुळे सारखी शुगर चेक करायची, दिवसातून कितीतरी वेळा इन्सुलिन घ्यायचं, आणि आतड्याचं दुखणं आधीपासून होतंच. मानलं पाहिजे!

उत्तर: त्याची २००० च्या सिडनी ऑलिंपिकची फायनल बघाच! चौघांची बोट, शेवटी इटली अशी सुसाट आली की हे फक्त ०.३८ सेकंदांनी जिंकले. बोटीतला साथीदार पिन्सेंट तर मध्ये बसलेल्या फोस्टरला ओलांडून रेडग्रेव्हला मिठी मारायला गेला आणि तसाच पाण्यात पडला.

प्रश्नकर्ती: थँक्यू, आज रात्रीच बघते. आपला दत्तू भोकनळ रिओत तेरावा आला तेव्हापासून रोइंगचं वेड लागलंय मला.