मदत हवी आहे : लोणारसारख्या अल्कधर्मी पाण्यात जिवाणू एटीपी कसे तयार करतात?

नमस्कार. मी पदवीच्या वर्गाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी शिकवताना एका मुद्द्यावर दरवेळी अडतो, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे.

लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो आणि तरीही ते स्पिरुलिनासारख्या सूक्ष्मजीवांमुळे हिरवेगार दिसते. म्हणजे तेथील जीव केवळ तग धरून नाहीत, तर जोमाने वाढत आहेत. पेशी आतला सामू कसा सांभाळते, हे विद्यार्थ्यांना पटते: पेशीपटलातील प्रतिवाहक प्रथिने सोडियम बाहेर टाकतात आणि त्या बदल्यात प्रोटॉन (ज्यांच्या प्रमाणावर सामू ठरतो; प्रोटॉन अधिक तर सामू कमी) आत घेतात. अल्कधर्मी पाण्यात वाढणाऱ्या बऱ्याच जिवाणूंच्या कशाभिकाही (पोहण्यासाठीचे धागे) प्रोटॉनऐवजी सोडियमच्या प्रवाहावर फिरतात.

खरी अडचण एटीपीची, म्हणजे पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, आहे. बॅसिलस स्यूडोफर्मस ओएफ४ हा जिवाणू लोणारचा नव्हे, पण त्याचा अभ्यास सखोल झाला आहे. बाहेरचा सामू १०.५ असताना त्याच्या आतला सामू ८.३ च्या जवळपास राहतो, म्हणजे प्रोटॉन बाहेरच्यापेक्षा आतच शंभरपटींहून अधिक. जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांच्या सिद्धांताप्रमाणे एटीपी तयार होण्यासाठी प्रोटॉनची ओढ बाहेरून आत असावी लागते. येथे आतील ऋण विद्युतभारामुळे ती ओढ उरते खरी, पण सामूचा उलटा फरक तिच्यातून वजा केल्यावर हाती जेमतेम ५० मिलिव्होल्ट येतात. तरीही या जिवाणूचे एटीपी सिंथेस (पटलातील एटीपी बनवणारे फिरते प्रथिन) सोडियमवर नव्हे, प्रोटॉनवरच चालते. त्याच्या फिरत्या कड्यात १३ उपघटक आहेत, ई. कोलाय या सर्वपरिचित जिवाणूच्या कड्यात १०. म्हणजे एका फेरीत तो अधिक प्रोटॉन वापरतो आणि प्रत्येकाची ओढ कमी असली तरी चालते. मात्र एका फेरीत तीन एटीपी धरले, तर एका एटीपीमागे चारपेक्षा थोडे अधिक प्रोटॉन पडतात, आणि मी केलेल्या हिशेबात तेवढ्याने भागत नाही.

श्वसनसाखळीने (पटलातील प्रोटॉन बाहेर ढकलणाऱ्या प्रथिनांच्या मालिकेने) बाहेर टाकलेले प्रोटॉन पाण्यात मिसळण्याआधीच पटलालगतच्या थरातून सिंथेसपर्यंत पोहोचतात, असे एक स्पष्टीकरण मी वाचले आहे. मला ते पटते. पण वर्गात ते सिद्ध गोष्ट म्हणून सांगावे, की गृहीतक म्हणून? त्यामागे प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार कोणता, हे कोणी समजावून सांगितले तर फार मदत होईल.

याला लागून आणखी एक प्रश्न. जून २०२० मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला, तेव्हा सरोवर गुलाबी झाले आणि त्याचे श्रेय लवणप्रिय आर्कियांना (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातील सूक्ष्मजीव) दिले गेले. हे जीव पेशीत पोटॅशियम क्लोराइड साठवतात आणि खारटपणा फार उतरला की त्यांतील अनेकांच्या पेशी फुटतात. मग पावसाळ्यात पाणी पातळ झाल्यावर ते टिकतात कोठे: काठावरच्या क्षारांच्या थरात, की तळाच्या गाळात? लोणारच्या गाळाचे नमुने ऋतूनुसार तपासलेल्या कोणी येथे असतील, तर कृपया आपले निरीक्षण सांगावे.