सोफा खाली आणायचा की नाही?

शनिवार, रात्री ८:१२

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. उद्या सकाळी ११ वाजता आपल्या नव्या नगरसेविका सोसायटीत येत आहेत. विषय: गेटजवळचं तुंबणारं चेंबर आणि मागच्या गल्लीतले बंद दिवे. शाल-श्रीफळ आणलं आहे. सर्वांनी वेळेवर यावे 🙏

सी-५०१: सोफा नेहमीप्रमाणे माझा. कव्हर धुऊन ठेवलंय.

बी-२०४: शाल कशाला? निवडून येऊन दिवस किती झाले? आधी चेंबर साफ होऊ दे, मग मी स्वतःच्या खर्चाने पैठणी नेसवतो.

ए-४०२: दादा, नेसवतो?? 😂

बी-२०४: देतो. देतो म्हणायचं होतं.

चेअरमन: अहो, रीत असते. दारी पाहुणा आला की आपण हात हलवत पाठवतो का?

बी-२०४: पाहुणा कसला काका? मार्च २०२२ पासून मुंबई पालिकेत प्रशासक होता. जवळपास चार वर्षं आपल्याला नगरसेवकच नव्हता. जानेवारीत रांगेत उभं राहून मत दिलं ते आरती ओवाळायला नाही.

सी-३०२: रांगेत मी पण होते. आपल्या बिल्डिंगमधले किती होते ते विचारू नका. गुरुवारची सुट्टी, त्याला शुक्रवार जोडून अर्धी सी विंग लोणावळ्याला होती.

सी-५०१: आमचं बुकिंग आधीच झालं होतं.

सी-३०२: मी नाव घेतलं का काका?

बी-६०१: *फॉरवर्ड केलेला मेसेज* सगळे राजकारणी एकाच माळेचे मणी! जागे व्हा!! दहा जणांना पाठवा!!!

सेक्रेटरी: कृपया फॉरवर्ड नकोत.

सी-३०२: पण मानाचा विषय निघालाच आहे म्हणून. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढलंय, कोणी वाचलं का? आमदार-खासदार कार्यालयात आले की अधिकाऱ्याने जागेवरून उठायचं, त्यांचं नीट ऐकून घ्यायचं, त्यांच्या पत्राला दोन महिन्यांत उत्तर द्यायचं. मला उठण्याबद्दल काही म्हणायचं नाही, आपणही मोठं माणूस आलं की उठतो. पण ऐकून घेणं आणि पत्राला उत्तर देणं यासाठी परिपत्रक लागलं, याचीच मला गंमत वाटली. आमदाराच्या पत्राची ही गत, तर आपल्या अर्जाचं काय होत असेल?

ए-४०२: त्यात नगरसेवक आहेत का? म्हणजे उद्या उठायचं की बसायचं? 😄

ए-१०३: मी बोलू का? पालिकेत एकतीस वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लागेल.
नागरिकासाठी कोणी उठत नाही हे खरं. पण त्याच्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ज्या सेवा त्यात अधिसूचित आहेत त्या मुदतीत मिळाल्या नाहीत तर अपील करता येतं. किती जणांनी केलं? बहुतेकांना ओळखीचा माणूस शोधणं सोपं वाटतं. खिडकीशी येऊन कारकुनावर ओरडणारे मी रोज पाहिले, आणि तेच लोक नगरसेवकाच्या केबिनमध्ये हात जोडून उभे. दोन्ही ठिकाणी माणूस तोच. कारकुनाला शिव्या आणि साहेबाला हार, याला मान म्हणत नाहीत.
दुसरं असं, की नगरसेवक म्हणजे चेंबर उपसणारा माणूस नव्हे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने पालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. नगरसेवकाने सभागृहात प्रश्न विचारायचा, बजेटवर बोलायचं, आणि खात्याच्या मागे लागायचं. मागे लागायला त्याला कागद लागतो. चेंबरच्या पत्राची पोच कोणाकडे आहे? आवक क्रमांक काय? पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार केली होती ना, तिचा नंबर?

(बराच वेळ कोणी काही लिहीत नाही.)

सेक्रेटरी: पत्र दिलं होतं काका. पोच बहुतेक आधीच्या सेक्रेटरींकडे.

ए-१०३: म्हणजे उद्या आपण त्यांना सांगणार, 'मॅडम, वास येतो हो.'

बी-२०४: काका, सगळा दोष आपलाच का? मागच्या टर्मला एक साहेब आले होते. ११ ची वेळ, आले पावणेएकला. आजी उन्हात खुर्चीवर बसून होत्या. आले, फोटो काढले, फोनवर बोलत गेले. एकदा 'उशीर झाला' एवढं तरी म्हणाले का?

सी-३०२: नाही म्हणाले. ते चुकलंच. पण मग माईक घेऊन 'आमच्या पैशावर गाड्या उडवता' असं कोण म्हणालं होतं? सोबत त्यांची शाळकरी मुलगी होती. मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसली ती.

बी-२०४: मी रागात होतो.

सी-३०२: ठाऊक आहे दादा. राग बरोबर होता, पोरगी चुकीची होती.

ए-४०२: जरा गणित. २०११ ची जनगणना, मुंबई १ कोटी २४ लाख. नगरसेवक २२७. एकाच्या वाट्याला साधारण ५५ हजार माणसं. प्रत्येकाने फक्त 'गुड मॉर्निंग' पाठवलं तरी बाईंचा फोन जळून जाईल.

बी-३०३ (आजींचा मेसेज, नात टाइप करते आहे): मी साठ-सत्तरच्या दशकात गोरेगावात राहायचे. नळाला करंगळीएवढी धार. तेव्हा आमच्या मृणालताई गोरे १९६१ ला नगरसेविका झाल्या, पुढे १९७२ ला आमदार, १९७७ ला खासदार. त्यांना मॅडम म्हटल्याचं मला आठवत नाही, ताईच. पाण्याच्या मोर्च्याला आम्ही रिकामे हंडे घेऊन जायचो. आम्ही त्यांचा सत्कार बित्कार केला नाही, त्यांच्या मागे चालत गेलो. पाणीवाली बाई हे नाव लोकांनी दिलेलं. खासदार झाल्या तेव्हा घोषणा होती, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.' दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी. आता म्हणे त्यांच्या नावाचा पूल आहे गोरेगावात. मी काही त्या पुलावरून गेले नाही, गुडघे दुखतात. उद्या मला सावलीत खुर्ची ठेवा.

चेअरमन: आजी 🙏

सी-३०२: आजी, खुर्ची मी ठेवते. मग असं करू या का? स्टेज नाही, माईक नाही. खुर्च्या गोलाकार, त्यांचीही त्यातलीच एक. नमस्कार, चहा, आणि काका कागद घेऊन बसतील. ११ ते ११:४०. त्या साडेअकरापर्यंत आल्या नाहीत तर आजींना वर पाठवायचं आणि त्यांना फोन करून शांतपणे दुसरी वेळ मागायची.

बी-२०४: आणि शाल?

ए-१०३: शाल पुढच्या वर्षी. चेंबर पावसाळ्यात तुंबलं नाही तर मी स्वतः आणीन.

सी-५०१: एक सुचवू? बाई येतच आहेत तर माझ्या गॅलरीचं पण त्यांच्या कानावर घालता येईल. नोटीस आलीय. त्यांनी एक फोन केला तर...

बी-२०४: वाहवा! आत घेतलेली गॅलरी त्यांनी वाचवायची, आणि उद्या दुसऱ्याची वाचवली की भ्रष्टाचार म्हणून आपणच ओरडायचं.

सी-५०१: तुम्ही कोण मला शिकवणार? तुमची स्कूटर दोन वर्षं फायर ब्रिगेडच्या रस्त्यात असते.

बी-२०४: हा मेसेज डिलीट केला आहे.

सेक्रेटरी: मंडळी, वैयक्तिक विषय नकोत. गॅलरी उद्याच्या यादीत नाही. स्कूटर सकाळी हलवावी.

बी-२०४: हलवतो.

रात्री १०:४०

माजी सेक्रेटरी (ए-७०१): आत्ताच ग्रुप पाहिला. पोच सापडली, विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये होती. आवक क्रमांक आहे, शिक्का पण. फोटो टाकतो.

ए-१०३: शाबास. दोन झेरॉक्स काढा. एक त्यांना, एक आपल्याला.

चेअरमन: मग ठरलं. शाल रद्द, सोफा रद्द, साध्या खुर्च्या.

सी-५०१: ठरलं कसं? सोफा मी संध्याकाळीच वॉचमनला घेऊन खाली आणलाय. लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याने आणला. आता परत वर कोण नेणार?

सी-३०२: काका, सावलीत ठेवा. त्यावर आजी बसतील.