बीळ करून राहणारे मोठे, चिडके कोळी मुंबईच्या फ्लॅटमध्ये पाळावेत का?

बिळकरी

चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस हा पश्चिम घाटातला टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी. त्याला हे नाव ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ साली दिलं. पाळणाऱ्यांत तो 'चिडका' म्हणून बदनाम आहे. माझं स्पष्ट मत आहे की त्याला चिडका आपला उथळ डबा करतो. चार बोटं माती आणि वर नारळाची करवंटी, एवढ्यावर या कोळ्याला लपायला जागाच उरत नाही. मग झाकण उघडलं की तो पुढचे पाय उचलून सुळे दाखवतो.

३० बाय ३० सेंटीमीटर तळाचा डबा घ्या आणि त्यात किमान २२ सेंटीमीटर माती भरा. म्हणजे साधारण २० लिटर मिश्रण लागतं. तीन भाग लाल माती आणि दोन भाग धुतलेलं कोकोपीट. नर्सरीतली तयार माती मात्र अजिबात नको. तिच्यात बहुतेक वेळा निंबोळी पेंड असते, आणि कीटकांची वाढ आणि कात बिघडवणारं द्रव्य त्या पेंडीत असतं. माती थराथराने मुठीने दाबत भरा, नाहीतर बीळ कोसळतं. एका कोपऱ्यात काठीने तिरपं भोक पाडून त्यावर कौलाचा तुकडा ठेवला की पुढचं खोदकाम तो स्वतः करतो. मातीच्या वर मोकळी जागा कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवू नका. उंचावरून पडला तर पोट फुटतं, आणि ते सांधता येत नाही. झाकणाला जाळीही नको, तिच्यात पायाची नखं अडकतात. दोन समोरासमोरच्या बाजूंना, मातीच्या वर, दोन मिलिमीटरची भोकं पुरेत.

एवढं केलं तर हा कोळी मुंबईतही उत्तम राहतो.

कुर्ला_पश्चिम

मातीबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. डबा कितीही चांगला असला तरी तो कुठल्या घरात ठेवणार? मादी बारा-पंधरा वर्षं सहज जगते आणि आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. म्हणजे २० किलोच्या आसपास माती असलेला डबा दर दोन-तीन वर्षांनी टेम्पोत. धक्क्याने बीळ ढासळलं की कोळी आत गाडला जातो.

दुसरी अडचण पेस्ट कंट्रोलची. सोसायटी जिन्यात आणि डक्टमध्ये पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक मारते ते तुम्हाला विचारून नाही. त्याचा अंश दाराच्या फटीतून आत आला तरी कोळ्याचे पाय आखडू लागतात, आणि त्याला उतारा नाही. घरातलं झुरळ पकडून घालणं तर त्याहून वाईट, कारण ते शेजाऱ्याकडचं झुरळं मारायचं जेल चाटून आलेलं असू शकतं.

बिळकरी

झुरळाबद्दल शंभर टक्के बरोबर. खाद्य स्वतः वाढवलेलंच हवं, डुबिया जातीची झुरळं किंवा रातकिडे. मोठ्या मादीला दहा दिवसांतून एक पुरतं. चोवीस तासांत खाल्लं नाही तर काढून घ्यायचं, कारण कात टाकताना कोळी उताणा, मऊ पडलेला असतो आणि रातकिडा त्यालाच कुरतडतो. कातीनंतर सुळे काळे, टणक होईपर्यंत दोन आठवडे काही देऊ नका.

फवारणीची नोटीस लागते त्या दिवशी डबा आतल्या खोलीत न्यायचा, दाराखाली ओला टॉवेल लावायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. कटकट आहे, पण जमतं.

सह्याद्री_पायवाट

तुम्ही दोघंही डब्याभोवतीच फिरताय. मला विचारायचं आहे ते असं की हा कोळी डब्यात आला कुठून?

घाटातल्या बिळातून मादी उकरली की ते बीळ संपलं. तिला वाढायला कित्येक वर्षं लागलेली असतात, तेवढी जागा सहज भरून निघत नाही. पावसाळ्यात बिळाबाहेर फिरणारा प्रौढ नर हाती लागणं सोपं असतं. तोच स्वस्तात विकला जातो, आणि तो बहुधा वर्षभरात मरणारच असतो. विकणारा 'घरी पैदास केलेला' म्हणतो तेव्हा कातींचा क्रम, अंड्यांची पिशवी कधीची आणि पिल्लांचे फोटो मागा. पिल्लू एक-दोन सेंटीमीटरचं असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे. पूर्ण वाढलेली मादी असेल आणि मागची एकही कात दाखवता येत नसेल, तर ती उकरलेलीच समजा.

राष्ट्रीय उद्यानातून कोणताही वन्यजीव उचलणं कायद्याने बंद आहे, बोरिवलीतही. ब्रॅकिपेल्मा आणि पोइसिलोथेरिया हे टॅरंट्युलांचे गट साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहेत. त्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

बिळकरी

हे मान्य. पिल्लूच घ्यावं, आणि कातींची नोंद असेल तरच. पण घरात वाढलेल्या पिल्लालाही तुमचा विरोध आहे का?

सह्याद्री_पायवाट

घाटातल्या जातींना आहे. पैदाशीचं पिल्लू आणि उकरलेलं पिल्लू बाजारात शेजारीशेजारी बसतात आणि मागणी दोघांनाही पोसते. शिवाय कंटाळा आला की लोक आरेच्या जंगलात सोडून येतात. कुठल्या डोंगरातला तो कोळी, कसले माइट्स (बारीक परजीवी) अंगावर घेऊन आला, कुणाला माहीत!

मोरी_बंद

पळून जाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. डबा बदलताना खरा धोका असतो. या जातीच्या अंगावर अमेरिकेतल्या टॅरंट्युलांसारखे खाज आणणारे केस नाहीत. म्हणून ही आधी सुळ्यांशी आवाज करते, पाय उचलते, आणि नाही ऐकलं तर चावते. धावली तर डोळ्यांना दिसत नाही इतकी वेगात.

काम बाथरूममध्ये करा. आधी मोरीची जाळी आणि बेसिनचं भोक बोळ्याने बुजवा, दाराखाली टॉवेल. जुना आणि नवा डबा दोन्ही एका मोठ्या टबात ठेवा. बिळाच्या तोंडाशी काळा कागद गुंडाळलेली बाटली आडवी लावा, तळ कापलेला आणि बूच घट्ट. मागच्या बाजूने माती हळूहळू काढा. तिला अंधार हवा असतो, ती बाटलीत शिरते. अगदीच अडली तर लांब दांड्याच्या मऊ ब्रशने मागच्या पायांना स्पर्श करायचा. हात कधीच नाही, हातमोजा घालूनसुद्धा नाही.

कुर्ला_पश्चिम

आणि चावल्यावर? हाफकिनची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवरची आहे, कोळ्यावर तिचा उपयोग नाही. टॅरंट्युलाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही हे खरं, पण सूज आणि स्नायूंत येणारे गोळे काही दिवस छळतात. घरात लहान मूल असेल तर मी नाहीच म्हणेन.

बिळकरी

लहान मूल असेल तर मीही नाहीच म्हणतो. कुलूप लावलं तरीही.

पावसाळ्याचं तेवढं राहिलं. जून ते सप्टेंबर मातीत पाणी घालू नका, फक्त बाटलीच्या बुचात पिण्याचं पाणी ठेवा. बुरशी दिसली तर वरची दोन सेंटीमीटर माती काढून कोरडी घाला. थंडीत, हवा कोरडी झाली की दोन-तीन आठवड्यांतून एकदा एका कोपऱ्यात २०० मिलिलिटर ओता, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो.